ओट्याखालची नावं

३ ऑक्टोबर
माफ कर, वही. हिच्या आजारपणात कित्येक महिने तुला हात लावला नाही. आज मन हलकं आहे. जुन्या रणस्तंभाचा देखभाल अधिकारी म्हणून रुजू झालो. क्वार्टर ऐसपैस, स्वयंपाकघरात काळ्या दगडाचा अखंड ओटा. हिने आल्या आल्या त्यावर पीठ मळलं आणि किती दिवसांनी पोटभर जेवली. बायकोला जेवताना बघत बसावंसं वाटलं.

५ ऑक्टोबर
आज स्तंभ पाहिला. पायथ्याशी मुताचे ओघळ, कोपऱ्यात फेकलेली आतडी, त्यांवर माश्यांचा थर. लढाईत पडलेल्यांच्या नावांची शिळा तर जागेवरच नाही, नुसती खाच उरली आहे. शेजारच्या खाटकाला आतड्यांबद्दल झापलं, तर हसून म्हणाला, साहेब, मेलेल्यांना कसला आलाय वास! शिळेचं विचारलं, तर म्हणाला, लोकांनी दगड कधीच उचलून नेले, तुमचं क्वार्टरही त्यातलंच. म्हणून तर इथलं जेवण अंगी लागतं. मीही हसलो. हसायला नको होतं.

९ ऑक्टोबर
ओटा कितीही पुसा, ओलाच. आज सिलिंडर बदलताना हात ओट्याच्या खालच्या बाजूला लागला. कोरलेली अक्षरं. नावाखाली नाव. प्रत्येक अक्षरात पिवळट, चिकट चरबी, आणि ती कोमट. साबण संपला, बोटांचा वास जाईना.
हिला म्हटलं, शिळा परत बसवावी लागेल. ती फणकारली, अहो, मी जरा माणसात आले ते बघवत नाही का? खरंच तिचे गाल भरलेत. ज्यांची नावं आहेत त्यांचं देणं मोठं, की हिची भूक? थोडं थांबतो. ही दया, की भित्रेपणा?

१४ ऑक्टोबर
थांबलो, चुकलंच. ही आता ताट घेत नाही. ओट्यावरच वाढून घेते, ओट्यावरूनच चाटते. खाली ठिबकतं त्याला वाटी लावते. मला उलटी झाली. ती हळहळली — वाया घालवलंत म्हणाली.

१६ ऑक्टोबर
गवंड्याला आणलं. पहार मारली — आत रुतली. दगड मऊ. किंचाळली मात्र ही, पलीकडच्या खोलीत. गवंडी अवजारं टाकून पळाला. हिच्या पाठीवर पहारेएवढी जखम — त्यातून तेच, पिवळट —

१७ ऑक्टोबर
ओट्यावर गाल टेकून पडली आहे. उठवायला हात घातला. गाल कुठे संपतो, दगड कुठे — कळत नाही. दोन्ही कोमट. म्हणते, भूक लागली. माझ्या बोटांकडे बघते.

उद्या: ओटा उचकटणे. त्याआधी हिला त्यावरून —