छोटूचा आवाज

ताई,

तू शेजारच्या खोलीत असताना तुला पत्र लिहितोय, म्हणजे ते तुला मिळणार नाही हे उघडच आहे.

आज कार्यक्रमात माझी गाणी संपल्यावर पहिल्या रांगेतल्या काकूंनी विचारलं, "मालिकेतला छोटू ना तू? तेव्हा किती गोड आवाज होता रे. त्याचं काय झालं?"

तू मागे साउंडवाल्यापाशी उभी होतीस. खरं सांगायला काय जात होतं माझं? मी बोबडा होतो, म्हणून छोटूचं बोलणं, रडणं, गाणं, सगळं स्टुडिओत स्टुलावर उभं राहून तू करायचीस. अभिनय सोडून मी गाण्यांकडे वळलो तेच मुळी एकदा तरी स्वतःच्या आवाजात तोंड उघडावं म्हणून.

आणि तोंड उघडून म्हणालो काय, तर "वयात आलो, काकू. आवाज फुटला."

सगळे हसले. तूही हसलीस.

आता तू पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत मालिकेचं तेच गाणं गुणगुणतेयस. आवाज अजून जसाच्या तसा आहे, ताई.

मी उठून दार लावून घेतलं.

तुझाच,
छोटू