सासूबाईंची आयोली

१४ मार्च, शुक्रवार

ती. आईंना नमस्कार.

बरणी परवा पोचली, थेंबभरही न सांडता. या खेपेची आयोली, तुमचं ते घरचं मेयोनीज, भाजलेल्या लसणाची, वर किसलेली लिंबाची साल! झाकण उघडलं आणि तुमच्या स्वयंपाकघरात उभी असल्यासारखं वाटलं. तुम्ही नोकरीत असताना प्रयोगशाळेतून आणलेल्या ड्रॉपरनं तेल सोडताय, मी लसूण नि बलक घोटतेय आणि तुम्ही ओरडताय, "हात थांबवू नकोस, फुटेल!" खांदा भरून यायचा माझा. पण काय मजा होती!

कशाकशाबरोबर खातेस, असं विचारलंत. पहिल्या दिवशी उकडलेल्या बटाट्यांवर, वाफ निघत असतानाच. दुसऱ्या दिवशी डब्यात: पावाला लोण्याऐवजी आयोली, आत काकडी आणि उकडलेलं अंडं. चष्म्याच्या दुकानात सगळे मला आता लसूणताई म्हणतात. गिऱ्हाइकाचे डोळे तपासताना तोंडात लवंग धरते. उरलेल्या भातात चमचाभर कालवून वर तळलेला कांदा, हे माझं स्वतःचं संशोधन. करून बघा, आधीच नाक मुरडू नका.

तळलेल्या मासळीबरोबर मात्र खात नाही. ते तुमच्या मुलाचं आवडतं होतं. घटस्फोटाला चार वर्षं झाली, पण तेवढं एक जमत नाही.

तो येतो का हो तुमच्याकडे? तुम्ही हवापाणी, गुडघे, शेजारणीचं मांजर, सगळं लिहिता, हे लिहीत नाही. "तिला बरण्या पाठवणं बंद कर, नाहीतर मी येणार नाही," असं तो म्हणाल्याचं मला चुलत नणंदेकडून कळलंय. तरी तुमची बरणी येतेच. मी चाटूनपुसून खाते आणि मग मला अपराधी वाटतं.

आता खरं ते लिहिते. याआधी दोन कागद फाडून झालेत.

गेल्या वर्षी बेसिन तुंबलं म्हणून प्लंबर आला होता. काम संपेपर्यंत जेवायची वेळ झाली, म्हणून मी पाव आणि तुमची आयोली पुढं केली. बोट चाटत त्यानं विचारलं, "हे कुणी केलं?"

"माझ्या सासूबाईंनी."

"आणि मिस्टर कुठं असतात?"

"मिस्टर नाहीत. सासूबाई आहेत."

तो इतका हसला, की मलाही आवरेना. त्यानंतर बेसिन आणखी दोनदा तुंबलं. शेवटच्या वेळी ते मीच तुंबवलं होतं.

विधुर आहे. बोलतो कमी, ऐकतो नीट. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न करतोय. सहा महिने तुमच्यापासून लपवलं. माझ्यापायी तुम्ही पोटच्या मुलाशी वाकडं घेतलंत. आता मीही दुसऱ्या घरी निघाले, तर तुमच्याकडे उरलं कोण? बरण्या थांबवल्यात, तर समजून घेईन. पण तुम्हाला 'आई' सोडून दुसरं काही म्हणायला मला येत नाही.

तुमची,
अजून तरी सून


२० मार्च

पोरी,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा त्या बेसिनला हसले.

मुलगा येत नाही, दोन वर्षं झाली. त्यानं अट घातली, मी मानली नाही. ती गोष्ट त्याची नि माझी. तू उगाच त्याचं ओझं वाहू नकोस. रविवारी बेल वाजली की अजून तोच आला असं वाटतं, हे मात्र लपवणार नाही.

तू सून होतीस म्हणून मी काही पाठवत नव्हते. या घरात माझ्या शेजारी उभं राहून हसत काम करणारं तूच एक माणूस होतीस.

नऊ तारखेला येतेय. तिथं साक्षीदार लागतात म्हणे. तुझ्या बाजूनं पहिली सही माझी. मुलीशी नातं काय, असं कुणी विचारलं, तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलंय.

तुझी
आई