पुढच्या शतकातल्या बाईचा पदर

वाशी, मंगळवार संध्याकाळ, १९९७

डोकं फिरलंय नुसतं. उद्या कॉलेजात परीक्षकांना चित्रं दाखवायची आहेत, आणि आईनं शेवटच्या चित्रावर पेन्सिलनं पदर काढून ठेवलाय!

माझं कलेक्शनच 'पुढच्या शतकातली नऊवारी' आहे. काष्टा जुना, कापड चंदेरी, चोळी चिलखतासारखी, आणि पदर नाही. पदर नाही हीच तर आयडिया होती. मी सोसायटीखाली झेरॉक्सला गेले, तेवढ्यात हा उद्योग.

ओरडलेच मी. "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाकीच्या चौघींना लावला का? हिला तुझं तोंड दिलंयस. अशी कशी जाऊ देऊ चारचौघांत?"

काहीतरीच! तरी पाचही चित्रं शेजारी मांडून बघितली. चौघी कुणीही असतील. पाचवीचं नाक माझं, हनुवटी माझी, भुवईवरचा तीळसुद्धा. हा तीळ मी कधी काढला?

आणि पदर इतका छान पडलाय की राग धड टिकतही नाही.

खोडरबर हातात घेऊन बसलेय. पदर खोडू, की तीळ?