बागेतली खोली

९ मार्च
सकाळच्या चहाला निर्मला म्हणाली, "एक तर बागेत खोली बांधा, नाहीतर मी नाशिकला शिल्पाकडे जाते." आवाज चढवला नाही. लेकीकडे जाणार म्हणजे किती दिवस, ते विचारायचं धाडस झालं नाही. खोली कुणासाठी, एवढं विचारलं. "तुम्हाला कळतंय," म्हणाली आणि कप विसळायला गेली.
अक्का तेव्हा देवापुढे बसलेली. स्तोत्र मोठ्याने म्हणते, ऐकू गेलं नसावं.

११ मार्च
अक्काला सांगितलं, मागे बागेत बसायला एक हवेशीर खोली करतोय, कॉलनीत दोघांनी केलीय. "कर" म्हणाली. बहिणीशी खोटं बोलायला फार वेळ लागत नाही.
भाऊजी गेल्यावर अक्काला मीच इकडे आणलं, त्याला नऊ वर्षं झाली. नि.ची शाळा होती तोवर निभावलं. गेल्या जूनमध्ये ती निवृत्त झाली, तेव्हापासून दोघी दिवसभर एका स्वयंपाकघरात. तिने लावलेले डबे अक्का पुन्हा लावते. भाजीत पुन्हा मीठ घालते. पहाटेच भांडी वाजायला लागतात. भांडण एकदाही नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ मार्च
बागेचं माप घेतलं. पेरूपासून कंपाउंडपर्यंत चौदा फूट. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, तर अक्काच आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, भिंतीपाशी वाकून धरून राहिली. मी आकडा दोनदा चुकीचा लिहिला.

२३ मार्च
नि.ला घेऊन हायवेवरच्या दुकानात. बागेत ठेवायच्या तयार खोल्या. लोखंडी, बांबूच्या, बहुतेक चारी बाजूंनी उघड्या. नि.ने एकच विचारलं, बाथरूम जोडता येईल का. दुकानदार हसला, बागेत बसायला बाथरूम कशाला म्हणे. नि. दुसरीकडे बघायला लागली. पाहुणे असतात आमच्याकडे, असं मी सांगितलं. ऊन आत्तापासूनच सोसत नाही.

३० मार्च
धुळ्याला एकटाच जाऊन आलो. अक्काचा पुतण्या तिथे असतो. काकूला चार महिने तरी ठेवून घेशील का, असं विचारायला. जेवू घातलं, स्टँडवर सोडायला आला. "बघू, मामा," म्हणाला. बघू म्हणजे काय ते मला कळतं. मीही लोकांना तेच सांगतो.
घरी, बँकेचं काम होतं असं सांगितलं.

६ एप्रिल
युसूफ मिस्त्री येऊन गेला. तयार घेऊ नका, बांधूनच घ्या. पत्रा तर नकोच, मे महिन्यात भट्टी होते, वर कौलं टाकू. माझा नकाशा हातात धरून बराच वेळ बघत होता. मग हळू आवाजात, "साहेब, म्हातारं माणूस राहणार ना इथं?"
मी म्हटलं, बसायची खोली आहे.
"मग उंबरठा का नाही? कमोडपाशी धरायला दांडी कशाला?"
चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात नकाशे काढले. हाताने बरोबर काढलं, तोंडाने सांगवत नाही.

१३ एप्रिल
नकाशा टेबलावर राहिला. मुद्दाम ठेवला का, माझं मलाच सांगता येत नाही.
दुपारी अक्का मेथी निवडत होती. हाक मारली.
"मधू, हाई खोली मनासाठे शे ना?"
मी म्हटलं, अक्का, तुझ्यासाठीच असं काही...
"दार घरकडे ठेव. तुमना आवाज माले ऐकू येवाले जोयजे." आणि परत मेथी निवडायला लागली.
आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, अक्का एकवीस, लग्न झालेली. मला सासरी घेऊन गेली, नरडाण्याजवळ. तिच्या सासूने माझं अंथरूण बाहेर ओट्यावर टाकलं. मग ही रोज घरातून उठून यायची आणि माझ्या शेजारी निजायची. सासू बोलली, भाऊजी बोलले. वर्षभर ती आत निजायला गेली नाही. शेवटी त्यांनीच मला आत घेतलं.
संध्याकाळी मेहरूण तलावाला दोन फेऱ्या जास्त मारल्या. घरी यायचं जिवावर आलं होतं.

१४ एप्रिल
नि.ला सांगितलं, अक्काला कळलंय. तिने गॅस बंद केला.
"मी वाईट नाही हो."
माहीत आहे, म्हटलं.
"पण त्यांना कागद बघून कळलं, हे माझ्यामुळे नाही. तुम्ही सांगायला हवं होतं."
खरं आहे. दमलोय म्हणालो, तर म्हणाली, मीसुद्धा.

२२ एप्रिल
अक्का खोलीच्या मागे लागली आहे. खिडकी खाली घ्या, खाटेवर पडल्या पडल्या झाड दिसलं पाहिजे. भाऊजींचा फोटो कोणत्या भिंतीला. नळ कुठे हवा ते दाखवायला नि.ला बोलावून नेलं, दोघी पाऊण तास बागेत. इतकं बोलणं वर्षभरात झालेलं नसेल. अक्का हे मनापासून करते की रुसून, ओळखता येत नाही. तिचं रुसणं मी कधी पाहिलेलंच नाही.
मिस्त्री उद्यापासून लागतो म्हणाला. अक्का म्हणे आखाजीनंतर, अक्षय्य तृतीयेचा सण होऊ दे.

१ मे
आखाजी झाली. लेकी माहेरी यायचा सण, शिल्पाला रजा मिळाली नाही. घरात माहेरवाशीण एकटी अक्का. नि.ने तिला लुगडं आणलं होतं, मला न सांगता. स्वतः निऱ्या घालून दिल्या. आमरस-पुरणपोळी. अक्का दोन घास जास्त जेवली.

५ मे
मिस्त्रीने दोरी लावून पायाची फक्की टाकली. दहा बाय बारा, चुन्याच्या पांढऱ्या रेघा. उद्या खोदायचं ठरत होतं, तेवढ्यात नि. बाहेर आली. रेघांकडे बघत राहिली.
"एवढ्यात खोदू नका."
मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी विचारलं, एवढ्यात म्हणजे कधीपर्यंत?
"मला माहीत नाही. उद्या नको."
मिस्त्रीचं पहूरला दुसरं काम आहे. तिकडे पंधरा दिवस जाऊन येतो, काय ते फोनवर सांगा म्हणाला.
अक्काला हे कुणी सांगितलेलं नाही. ऊन उतरल्यावर खुर्ची नेऊन रेघांच्या आत बसली. नि. तिचा चहा घेऊन गेली आणि रेघेबाहेर उभी राहून बोलत राहिली, बराच वेळ. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो, शब्द ऐकू येत नव्हते. मध्ये एकदा अक्काने मान हलवली. हो की नाही, ते इथून कळलं नाही.
त्या दोघींपाशी जावं असं वाटलं. चप्पल घातली, आणि तिथेच उभा राहिलो.