तुले कोण आहे, बाई?

कुवेत,
६ ऑगस्ट १९८४

सौ. कोकिळाबाईले,

तुह्या लहान भावाचा, ओमप्रकाशचा नमस्कार. रूपराव भाऊजींलेही सांगजो. मी इकडे मजेत आहे. जेवण वेळेवर भेटते, ऊन मात्र आपल्या वर्ध्याच्या मे महिन्याले लाजवते. केळझरले पाऊस कसा आहे? कपाशीची पराटी कुठवर आली?

तुह्यं पत्र भेटलं. मायची गोष्ट वाचून आधी हसलो. निराधार योजनेत नाव घालाले तलाठी दारात आला, सगळं लिहून झालं, शेवटी त्यानं विचारलं, "तुले कोण आहे, बाई?" "कोणी नाई" म्हणाले तू तिले चांगलं पढवून ठेवलं होतं. अन् माय म्हणते, "मले लेक आहे. कुवेतले आहे." वरून त्याले माहा फोटो दाखवला, चहा पाजला. आता तलाठी बिचारा काय करन? पेन खिशात घालून उठला.

तू तिच्यावर लय भडकली असशील. पण "जित्या लेकाले माह्या तोंडानं मारू का?" असं ती तुले म्हणाली, तिथून पुढं माह्याच्यानं वाचवलं नाई.

ते पत्र खिशात घेऊन मी कॅम्पात बसलो होतो. आमचा फोरमन हॅरी विलायतेचा आहे. त्यानं विचारलं काय झालं, म्हणून मोडक्या हिंदी-इंग्रजीत सांगितलं. त्याले समजेचना. त्याची माय एकटी राहते. दर हप्त्याले पोस्टात जाते अन् आपलं पेन्शन आपल्या हातानं घेते. वय झालं, नवऱ्यानं नोकरीत असताना पेन्शनीचे शिक्के भरले होते, बस. लेक किती, कुठं आहे, विचारते का नाई, असं कोणी पुसत नाई. हॅरी तीन वर्षांत घरी गेला नाई. म्हणतो, ती काही माही वाट पाहत नाई. मले त्याचा हेवा वाटला बाई, अन् मग वाटलं, हेवा कशाचा करून राह्यलो मी?

सिरिसेना म्हणून सिलोनचा वायरमन आहे. त्याचा बाप गिरणीत होता. दर महिन्याले मालक अन् मजूर दोघंही फंडात पैसा टाकत, तो म्हातारपणी एकदाच हाती आला. घरावर कौलं चढली, नारळाची चार झाडं झाली, फंड सरला. आता बाप घरात बसून सिरिसेनाच्या पैशाची वाट पाहते. पण घर तर आहे.

अन् आम्ही इथं जी घरं बांधून राह्यलो, ती इथल्या लोकांले सरकार देते. म्हातारपणी पैसाही देते. मात्र तू इथला पाहिजे. भिंत माह्या हातची असली तरी मी इथला नाई.

आपल्याकडंही गिरणीवाल्याले फंड आहे, साहेबाले पेन्शन आहे. मायनं उभा जन्म कापूस वेचला, तो वेचा कोणत्या सरकारनं मोजला? तिले एकच विचारतात, तुले कोण आहे. अन् त्याचं खरं उत्तर दिलं की काही भेटत नाई.

आता जे लिहाले हात चालत नव्हता ते लिहितो. होळीपासून ड्राफ्ट आला नाई, पोस्टाचा घोळ आहे असं मी कळवलं होतं. घोळ पोस्टाचा नाई. कंपनी बुडून राह्यली, पगार अडकला. सगळ्यांले घरचं तिकीट देऊन राह्यले. मी घेतलं नाई. तिकडं येऊन काय करू? सेलूच्या जिनिंगात हंगामापुरतं काम, अन् धडधाकट लेक घरात दिसला की मायचं नाव कायमचं गेलं. नालवाडीच्या सायकलच्या दुकानात मी टिकलो नाई, नागपूरले टिकलो नाई, हे तर तुले माहीतच आहे. पाय ठरत नाई माहा.

दुसरी एक कंपनी रस्त्याच्या कामाले माणसं घेऊन राह्यली. वरच्या बाजूले, लांब नाई. मायले एवढंच वाचून दाखवजो. वरची बाजू म्हणजे इराक. इराणसंगच्या लढाईपासून काम दूर आहे म्हणतात. भाऊजींले म्हण, मायसमोर रेडिओ लावू नका.

तलाठी पोळ्याच्या आत पुन्हा येतो म्हणाला ना? तवा मायजवळ बसजो. तिले म्हण, ओम्यानं सांगितलं, "कोणी नाई" म्हण. खोटं नाई ते. माह्यं काही तिच्या हातात पडून नाई राह्यलं. त्यानं मी मरत नाई. सरकारचा सवाल भाकरीचा आहे, तिले तो जिवाचा वाटते.

जिवाचा सवाल तिचा तिच्याजवळ आहे. पोळ्याच्या दिवशी, पिठोरीले, लेकराच्या आयुष्यासाठी खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून मागं न पाहता ती विचारते, "अतीत कोण?", म्हणजे दारी पाहुणा कोण. मी मागून नाव सांगून ताट घेत होतो. आता मागं कोणी बोलत नाई म्हणून ती चटकन ताट खाली ठेवते, असं तू मागं लिहिलं होतं. तिले म्हण, औंदा आधी तलाठ्याले सांग, मग मले विचार. ताट घाईनं उतरवू नको. आवाज लांबून यायचा आहे.

मी आहे, माय.
ओमप्रकाश