शनिवारी नवी सिस्टिम बसवते आहे

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. "मोडलं तर दुरुस्त करू, पण घाबरून लांब उभी राहू नकोस," असं तू मला एकदा म्हणाला होतास. दुकानात पहिला संगणक आला तो दिवस. बाबा त्यांच्या छपाईच्या शिशाच्या खिळ्यांपाशी पाठ फिरवून उभे होते, आणि तू मला दंडाला धरून त्या यंत्रासमोर बसवलंस. हे वाक्य आज का आठवलं ते तुला कळलंच असेल. म्हणून आधी खुशाली सांगते.

सगळं ठीक आहे. तू यायचा बंद झाल्यापासून दुकानात फार शिस्त आली आहे, आणि ती कुणालाच आवडत नाही. आपल्या टंकलेखिकेच्या बोटांचा तडतडाट ऐकून तूच तिचं नाव मशीनगन ठेवलंस, पण सध्या तिच्या टेबलावरून गोळ्या एकेकच सुटतात. मध्येच थांबते आणि तुझ्या खुर्चीकडे बघते. बागकामाच्या पुस्तकाची पानं लावून होत आली. खिडकीचा पडदा धुवायला काढला, तर इतका उजेड आला की आपल्या भिंती किती मळल्यात ते पहिल्यांदा दिसलं. अक्षर मोठं काढलं आहे, हसू नकोस. नवं पेन जाड उठतं.

आता भांडण. "ती नवी सिस्टिम या दुकानात आली की मी गेलो असं समज," म्हणत तू निघून गेलास, आणि माझं अर्धं बोलणं तोंडातच राहिलं. तुझी बाजू आधी लिहिते, म्हणजे पत्र फाडणार नाहीस.

पानं लावायचा आपला जुना प्रोग्राम नव्या सिस्टिमवर चालणार नाही, हे खरं. जुन्या फाँटमधली पुस्तकं तिच्यात उघडली की जोडाक्षरं फुटतात आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, हेही खरं. आपले संगणक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या यंत्रावर मी एक पुस्तक उघडून बघितलं. पहिल्याच पानावर लेखकाच्या आडनावाची अशी दशा झाली होती की त्याने ती बघितली तर तो आपल्याला कोर्टात खेचेल. कोपऱ्यातला आपला प्रिंटर तिला ओळखतच नाही. मशीनगनला कळफलकाची नवी मांडणी शिकावी लागेल, आणि या वयात तिची बोटं पुन्हा पहिलीत बसतील. शिवाय आपण ओळ अर्धी टाकलेली असताना ही सिस्टिम सांगते की आता मी बंद होऊन पुन्हा सुरू होणार आहे. मशीनगन म्हणाली, "ताई, ही तर आमच्या ह्यांच्यासारखी निघाली. ऐन कामात डुलकी."

दुसरी बाजूही ऐक. जुन्या सिस्टिमची डागडुजी कंपनीने थांबवली आहे. उद्या एखादा व्हायरस शिरला आत, तर मिस्त्रीही हात वर करेल. प्रकाशक हल्ली पाठवतात त्या फायली आपल्याकडे उघडल्या की नुसते चौकोन दिसतात, मग आपण फोन करून "जुन्यात पाठवा" म्हणतो. परवा एका प्रकाशनातून कोवळ्या आवाजात प्रश्न आला, "जुन्यात म्हणजे कशात हो?" नव्यात टंकलेलं कुठल्याही यंत्रावर जसंच्या तसं दिसतं, शोधला तो शब्द सापडतो. आणि ती मजकूर वाचूनही दाखवते, आपल्या भाषेत, मोठ्याने. तेही एक आहे.

जुन्या पुस्तकांसाठी एक यंत्र आहे तसंच ठेवता येईल, असं मिस्त्री म्हणतो. म्हणजे तुझं काही फेकलं जाणार नाही. तो पुढच्या शनिवारी येणार आहे. दुकान आपल्या दोघांचं आहे, दादा. तू हो म्हण, नाहीतर येऊन माझ्यासमोर बसून नाही म्हण. तुझ्याशिवाय मला हे दुकान चालवायचं नाही.

वहिनीला सांग, तिने दिलेलं रोप जगलं.

तुझी,
टाचणी


१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं उत्तर मिळालं. "लहानपणी टोचायचीस म्हणून टाचणी म्हणत होतो, आता तर भाला झालीस," हे वाचून मी आणि मशीनगन दोघी हसलो. "नव्याची एवढी हौस असेल तर भाऊही नवा आण," यावर मशीनगन हसली, मी नाही. आणि त्याच्या खालची ओळ, "जुन्यात मी डोळे मिटून काम करू शकतो." ती मी पुन्हा वाचली.

पत्र वहिनीच्या अक्षरात होतं. मनगट दुखावलं आहे, असं लिहिलं होतं. सही तेवढी तुझी होती, आणि ती कागदाची मोकळी जागा सोडून वहिनीच्या शेवटच्या वाक्यावर चढली होती.

वहिनी, म्हणजे हे पत्रही तूच वाचून दाखवते आहेस. इथून पुढचं गाळावंसं वाटेल तुला. गाळू नकोस. तो चिडला तर माझ्यावर चिडेल, तुझ्यावर नाही.

दादा, आपलं भांडण सिस्टिमवरून झालं असं आपण दोघांनीही सगळ्यांना सांगितलं. झालं ते असं. त्या दिवशी सकाळी मी तुझी स्क्रीन आवरली होती. बागकामाच्या पुस्तकाचा आयकॉन डाव्या कोपऱ्यातून उचलून मधोमध ठेवला होता. तू आलास, बसलास आणि डाव्या कोपऱ्यात क्लिक केलंस, जिथे काहीच नव्हतं. पुन्हा केलंस. पुस्तक तुझ्या अगदी नाकासमोर होतं. मग तू ओरडलास, "तुझ्या त्या नव्या सिस्टिमने यंत्र बिघडवलंय!" आणि खुर्ची ढकलून उठलास. नवी सिस्टिम तेव्हा दुकानात आलीही नव्हती.

आणि उभं राहून माझ्याशी भांडताना तू माझ्या कानाकडे बघत होतास. आई बघायची तसा. समोरच्या माणसाचा मधला भाग तिला पुसलेला दिसायचा, म्हणून ती कडेने बघायची, आणि आपल्याला वाटायचं की आपले कान मळले आहेत.

हे मला त्याच दिवशी कळलं, असं म्हटलं तर खोटं होईल. थंडी पडायला लागली तेव्हापासून, तू तपासलेली पानं तू घरी गेल्यावर मी पुन्हा तपासते आहे. तुला सांभाळते आहे, अशी माझी समजूत होती. तुझ्या समजुतीत तू मला सांभाळत होतास. दोघंही किती हुशार!

मी माझे डोळे तपासून आले. आईचं दुखणं माझ्यात नाही. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "निर्धास्त जा." मी बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. एरवी अशी बातमी मी धावत तुलाच सांगायला आले असते. त्या दिवशी ती घेऊन कुठे जावं ते कळेना. अजूनही ती मला माझी वाटत नाही.

म्हणून आता नीट सांगते. त्या सिस्टिमचा जो गुण मी पहिल्या पत्रात दोन ओळींत उरकला, त्याच्यासाठीच ती हवी आहे. बाकीचं सगळं तोंडदेखलं होतं. प्रकाशकांना आपण आणखी दोन वर्षं "जुन्यात पाठवा" म्हणालो असतो. ती वाचते, दादा. जुन्या फाँटमधलं तिला वाचता येत नाही. इतकी वर्षं आपण जपलेलं सगळं तिच्या लेखी बरळणं आहे. पण नव्यात टंकलेलं ती पानंच्या पानं वाचते.

वाचते कशी, तर अगदी कोरडी. मरणाचा प्रसंग असो की खताचं प्रमाण, चाल एकच. मशीनगन म्हणते, "हिला जन्मात कुणी लाडाने हाक मारली नसणार." पण परवा मिस्त्रीकडे बसून, डोळे मिटून, मी त्याने नव्यात बदलून दिलेलं बागकामाचं एक प्रकरण ऐकलं आणि "मुळांना मुळांना" असा दोनदा पडलेला शब्द पकडला. माझ्या धडधाकट डोळ्यांखालून तो दर वेळी निसटला होता.

ह्रस्वदीर्घ तिच्या वाचण्यातून कळत नाही. ते मी बघेन. पण वाक्य कुठे लंगडतं, कुठे शब्द गळला आहे, कुठे लेखक तेच पुन्हा सांगतो आहे, हे तुझ्या कानाइतकं कुणाला कळतं? बाबा खिळे जुळवताना तू शेजारी बसून त्यांना मजकूर वाचून दाखवायचास, आणि वाचता वाचता थांबून म्हणायचास, "बाबा, इथे काहीतरी चुकलंय." तेव्हा तरी तू तुझ्या डोळ्यांनी चुका धरत होतास का? मला आठवतं, तू बोटाने ओळ झाकून ते वाक्य पुन्हा म्हणून बघायचास.

तू म्हणशील, मला त्या यंत्रातल्या बाईच्या आवाजावर जगायचं नाही. मग वहिनीच्या आवाजावर किती दिवस? तिला वाचायचा कंटाळा आहे, हे तुला लग्नापासून माहीत आहे. (वहिनी, हेही वाच.)

"नवी घातलीस तर मी दुकानातून बाहेर," असं तू पुन्हा लिहिलं आहेस. तू बाहेर पडू नयेस म्हणूनच मी ती आणते आहे. आज ना उद्या ते जुनं यंत्रच तुला बाहेर काढेल, आणि तेव्हा तुला थांबवायला माझ्या हातात काहीच नसेल. म्हणून शनिवारी सिस्टिम बसते आहे. तू हो म्हणाला नाहीस तरी. मी रागावून हे करत नाही, आणि तुझ्या रागाने थांबणारही नाही. मशीनगनने मिस्त्रीकडे जाऊन शिकायला सुरुवात केली आहे. तासाभरात एक परिच्छेद होतो, आणि प्रत्येक ओळीला ती तुझं नाव घेऊन कपाळाला हात लावते.

तुझ्या स्क्रीनवरचे सगळे आयकॉन मी पहिल्या जागी ठेवले आहेत. ते यंत्र मी हलवणार नाही. शेजारच्या टेबलावर नवं लावते आहे, त्याला हेडफोन जोडणार आहे, म्हणजे तू काय ऐकतोस ते कुणाला कळणार नाही.

एकच मागते. मंगळवारी माझ्याबरोबर त्या डॉक्टरीणबाईंकडे चल. तुझ्या नावाने वेळ घेतली आहे, तुला न विचारता. बरं करून देतील असं त्या म्हणाल्या नाहीत. कुठवर आलं आहे आणि काय राखता येईल, एवढं सांगतील. तू येणार नाहीस. तुझ्या वाटचा नकार मी तुझ्याच आवाजात मनाशी म्हणूनही बघितला आहे. तरी सकाळी मी दारात असेन, आणि बेल वाजवत राहीन. वहिनीला पुढे करू नकोस. नाही म्हणायला तरी दार तू उघड.

वाट बघणारी, तुझीच,
टाचणी