वरच्या फळीवरचे पिंजरे

१४ जानेवारी
बाहेर उणे अडतीस! सस्काटूनमध्ये माणसं राहतात हेच नवल.

उंदरांचे चोवीस पिंजरे, चार फळ्या. निम्म्यांच्या पाण्यात भूक कमी करायचं औषध, निम्म्यांना साधं पाणी. प्रत्येक फळीवर तीन हे, तीन ते — कुणाची जागा कुठली हे ठरवायला लोकरी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. वीस वर्षं उंदीरखोली सांभाळणारी मार्नी हसली. "ट्रूडी, संशोधन करतेस की बिंगो खेळतेस?" हसू दे. माझे मार्गदर्शक हाल्डोरसन सर, त्यांनीच वर्गात शिकवलंय — फळीचा गुण औषधाच्या नावावर जमा होता कामा नये.

२ फेब्रुवारी
मार्नीने पेरोगी आणल्या, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या. मला दोन जास्त. उंदरांचं उरलेलं खाणं रोज तीच तोलते. मी खाली तळघरात, उंदीरखोलीकडे फिरकत नाही — कुणाला काय मिळतंय ते दिसलं, तर माझाच कल आकड्यांत शिरायचा.

११ मार्च
औषधवाल्यांनी पाव हिश्श्याने कमी खाल्लं! सर म्हणाले, "आता लेख लिही. ऑगस्टमध्ये प्रबंध दे आणि सूट." घरी येऊन चक्क नाचले.

१२ मार्च
लेखासाठी फोटो काढायला खाली गेले. औषधाचे सगळे पिंजरे वरच्या दोन फळ्यांवर. साध्या पाण्याचे सगळे खाली. सगळे!

वर ऊब जास्त. उबेत उंदीर तसेही कमी खातात. मग हा गुण औषधाचा की फळीचा? आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मार्नी म्हणते, "अगं, शेजारी शेजारी ठेवले की बाटल्यांची अदलाबदल होते. मी नेहमी असेच लावते." आणि माझ्या तक्त्यावर, माझ्या क्रमाने, रोज तिची बरोबरची खूण! आठ आठवडे. इतकं मला कुणी फसवलं नव्हतं.

१३ मार्च
सरांना सांगितलं. "चिठ्ठ्या टाकल्या होत्यास ना? मग तसंच लिही. फळ्यांचं कोण विचारतंय?"

फळ्यांचं याच माणसाने शिकवलं होतं मला! जिन्यात बसून रडले.

२० मार्च
मार्नी आली. "चूक माझी, पोरी. मी सगळ्यांसमोर सांगते. परत करू — आठ आठवडे तर लागतील." आठ आठवडे 'तर'! तिचं काय जातंय? प्रबंध माझा अडकणार. तोंड फिरवलं.

२ एप्रिल
विभागाच्या बैठकीत मार्नी उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. सर माझ्याकडे वळले, "ट्रूडी, पिंजरे कसे होते?"

म्हटलं, "चिठ्ठ्यांप्रमाणेच. मी रोज पाहत होते."